बेटावरच्या मच्छीमार गावात जाताय? आधी भरती-ओहोटी बघा

उष्ण प्रदेशातल्या बेटावर एखादं शांत मच्छीमार गाव बघायचं असेल तर हॉटेलच्या आधी भरती-ओहोटीचं टाइमटेबल चेक करा, कारण तिथला दिवस घड्याळापेक्षा पाण्यावर जास्त चालतो आणि भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणजे काल ज्या टायमाला होड्या किनाऱ्याला लागल्या त्याच टायमाला आज लागतीलच असं नाही. शक्यतो पहाटे जा. रात्री समुद्रात गेलेले लोक तेव्हा परत येतात, मासे उतरवणं, लिलाव सगळं तेव्हाच, दुपारी जाल तर अर्धं गाव झोपलेलं असतं (आणि झोपू द्या त्यांना). दिवे लावून मासे पकडणारे पौर्णिमेच्या आसपास बऱ्याचदा जातच नाहीत, चांदण्यात दिव्याला मासा नीट येत नाही, तेव्हा तारीख ठरवताना तेही बघा.

वाळूत पसरलेल्या जाळ्यावरून चालू नका, फोटो विचारून काढा, बीचवेअरमध्ये वस्तीत फिरू नका. कॅश सुट्टी ठेवा, एटीएम असेलच असं नाही. आणि ओहोटीला प्रवाळावर चालत जायचा मोह होतो, अजिबात नको, ते जिवंत असतं, तुटतं आणि पायही कापतो.