आजोबा, जरा बाजूला

दरवर्षी कलाशाखेची दोन-चार पोरं-पोरी मला गाठतात. रस्त्यावर काहीतरी करायचंय, शरीर वापरून, विषय मांडायचाय, सुरुवात कुठून करू? परफॉर्मन्स आर्ट, म्हणजे कलाकाराचं शरीर आणि त्याची कृती हेच जिथं काम असतं ती कला, पथनाट्यापेक्षा वेगळी कशी, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक असतं. त्यामुळे ते सोडून मी जिथं आपटले ते सांगते.

माझं पहिलं काम इथलंच, कोल्हापुरातल्या पंचगंगा घाटावरचं. आजीची पांढरी सुती साडी घेऊन सकाळी सातला पायरीवर बसायचं आणि दहापर्यंत ती नदीत धुत राहायची. साबण नाही, फलक नाही, घोषणा नाही. साडी धुता धुता मळत जाईल, बघणाऱ्याला काय कळायचं ते कळेल. जयंती नाला, दुधाळी नाला, कारखान्यांचं पाणी, खाली इचलकरंजीचं रंगाचं पाणी, जलपर्णी, मेलेले मासे... नदीचं हे गाऱ्हाणं शाळेत असल्यापासून पेपरात वाचतोय. वाचून कुणी थांबत नाही. धुताना बघून थांबेल, असा हिशेब.

हिशेब बरोबर होता. घोळ ट्रायपॉडनं केला.

मैत्रिणीनं खालच्या पायरीवर कॅमेरा लावला आणि पाच मिनिटांत पहिला प्रश्न आला, "शूटिंग हाय काय गं?" दुसरा, "कुठल्या शिरेलीचं?" मूकपटांच्या काळात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला ते हे गाव. शूटिंगसमोर कसं वागायचं हे इथल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. आवाज करायचा नाही, मधे यायचं नाही, कॅमेऱ्याच्या मागं उभं राहून हिरॉईन कोण ते बघायचं. सगळे तसेच वागले. माझ्या शेजारी रोज कपडे धुणाऱ्या बायका आपापली बुट्टी उचलून दहा पावलं पलीकडं गेल्या. मी ज्यांच्यात मिसळायला आले होते त्यांनीच मला जागा करून दिली, अगदी आदरानं. काम तिथंच मेलं.

मला ते कळलं नाही. उलट फ्रेम मोकळी झाली म्हणून बरं वाटलं, हे कबूल करते.

मग एक आजोबा आले. पोहून आलेले, खांद्यावर ओला पंचा. वाकून म्हणाले, "बाळ, ही साडी..." आणि मैत्रीण खालून ओरडली, "आजोबा, जरा बाजूला, फ्रेममध्ये येताय." "हां हां, चालू दे तुमचं," म्हणून ते गेले. घरी व्हिडिओ बघितला तर एक्केचाळिसाव्या मिनिटाला डाव्या कडेनं एक हात आत येतो, पंच्याचं टोक ठिबकतंय, आणि हात मागं जातो. तीन तासांच्या त्या चित्रणात जिवंत एवढंच आहे. साडीबद्दल त्यांना काय म्हणायचं होतं ते मला अजून माहीत नाही. नंतर मी बरेच दिवस त्याच वेळी घाटावर जात होते. ते दिसले नाहीत.

हे असं का होतं, यावर मी फार डोकं चालवलंय. परफॉर्मन्स कलाकार मरिना अब्रामोविचचं १९७४ मधलं इटलीतल्या नेपल्सचं काम तुम्हाला पाठ असेल: टेबलावर ७२ वस्तू, ती सहा तास निश्चल, लोकांनी तिच्यावर हवी ती वस्तू हवी तशी वापरायची. पण आपल्याला ते काम माहीत आहे म्हणजे त्याचे फोटो माहीत आहेत. ही कला आपण सगळे फोटोंतूनच शिकलो, म्हणून नकळत आपण फोटोच करायला बसतो. मीर्ल उकेलीस या अमेरिकन कलाकार बाईनं १९७९-८० मध्ये न्यूयॉर्कच्या साडेआठ हजार सफाई कामगारांशी एकेक करून हात मिळवले, प्रत्येकाचे आभार मानले. त्याचेही फोटो आहेतच. पण काम होतं ते त्या हातांत.

पुन्हा सांगते, कारण हे ऐकूनही पोरं ट्रायपॉड घेऊनच येतात. कॅमेरा ठेवला की जागेला पुढची बाजू येते. पुढची बाजू आली की रंगमंच झाला, आणि रंगमंचावर कुणी परका चढत नाही. मोबाईल हातात धरला तरी तेच. दाखवायला काहीच उरणार नाही ही भीती खरी आहे, मलाही वाटते, फेलोशिपच्या अर्जाला व्हिडिओ मागतातच. मी आता एवढंच करते: पहिला तासभर फोन कुणी खिशातून काढायचा नाही. नंतर गर्दीतच उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसानं दोन-तीन फोटो घ्यायचे, कुणाला बाजूला न करता. आणि त्याच संध्याकाळी वहीत लिहायचं, कोण काय म्हणालं, ज्या शब्दांत म्हणालं त्याच शब्दांत.

बाकीचं भराभर. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा, म्हणजे जमावबंदीचा, आदेश लागू आहे का ते आधी बघा. असेल तर पाच माणसं जमली तरी प्रश्न येतो, आणि गर्दी तुम्ही जमवली नाही हे पटवत बसावं लागतं. चौकीत अर्ज देऊन पोच घ्या. नदीत उतरणार असाल तर धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन उतरा, पायऱ्यांखाली काचा असतात. माझे हात कोपरापर्यंत आठवडाभर खाजत होते आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. मूर्खपणा. सोसणं म्हणजे काम नव्हे. पैसे मिळत नाहीत. घरी बोलणी बसतात. दुसरं काहीतरी हातात ठेवा, मी शिकवण्या घेते.

तीन दिवसांच्या शिबिरांबद्दल माझं मत वाईट आहे. असल्याच एका शिबिरात एका मार्गदर्शकांनी मला पहिल्या दिवशी 'मी थांबतो' नाही, 'मी थांबते' म्हण, असं सुधारलं आणि तिसऱ्या दिवशी 'स्वतःचा आवाज' शोधायला सांगितलं. कोल्हापूरच्या पोरीचा आवाज 'मी थांबतो' असाच असतो हो! गुरू करायचाच तर बाजाराच्या दिवशी पोतराज बघा. आसूडाच्या एका आवाजात तो भर रस्त्यात रिंगण मोकळं करतो आणि दुसऱ्या क्षणी तेच रिंगण ओलांडून लोकांच्या दारात जातो. नक्कल करू नका, त्याच्यासाठी ते पोट आहे. पण जागा धरायची कशी आणि सोडायची कशी, ते बघा.

आणि घाबरू नका, हे आपल्या गावाला नवीन नाही. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून येताना कॉम्रेड गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या, २० तारखेला ते गेले. त्यानंतर दर महिन्याच्या २० तारखेला इथं माणसं निर्भय मॉर्निंग वॉकला निघू लागली. सकाळी फिरायला जाणं, बास. त्याला कुणी कला म्हटलं नाही. मला मात्र शरीरानं केलेलं याहून नेमकं विधान आठवत नाही.

दुसऱ्यांदा मी घाटावर एकटी गेले. तीच साडी, फोन पिशवीत. अर्धा तास कुणी बघितलंच नाही, आणि ते फार जड जातं, तयारी ठेवा. मग शेजारची बाई म्हणाली, "आगं, असं न्हाई पिळत." साडीचं दुसरं टोक तिनं धरलं, आम्ही दोघींनी पीळ दिला, करडं पाणी तिच्या पायावर पडलं. तिनं साडी उजेडात धरून बघितली.

"ऱ्हाऊ दे," म्हणाली, "घरी जाऊन नळाखाली काढ. नळाला आता काळम्मावाडी धरणाचं येतंय."

पलीकडची दुसरी बाई हसली. मग त्या दोघी, पूर्वी याच पाण्यात कुणाकुणाची लग्नाची लुगडी धुतली, यावर बोलत बसल्या. मी मधेच बसून ऐकत होते. दहा कधी वाजले कळलं नाही, आणि त्या दिवसाचा एकही फोटो नाही.