पेंटमध्ये रंग भरताना उरणारे पांढुरके ठिपके

मुलीला आमच्या जुन्या संगणकावर पेंट या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये आकाशकंदील काढायला शिकवत होते. जतन केलेलं चित्र पुन्हा उघडून बादलीने (बंद भाग एका क्लिकने रंगवणाऱ्या साधनाने) रंग भरला की काळ्या रेषेलगत पांढुरके ठिपके उरायचे. बिचारी हिरमुसली. कारण फाइलच्या प्रकारात निघालं. चित्र जेपीजी प्रकारात जतन केलं होतं. जेपीजी जागा वाचवण्यासाठी चित्र आवळतं, त्यात रेषेशेजारचे पिक्सेल (चित्र ज्यांनी बनतं ते बारीक चौकोन) किंचित करडे होतात. ही बादली मात्र एकमेकांना लागून असलेले, अगदी एकाच रंगाचे पिक्सेलच भरते. पेंटमधल्या पेन्सिलने रेषा नव्याने काढून पीएनजीमध्ये (पिक्सेलचे रंग न बदलणाऱ्या फाइल प्रकारात) जतन केलं, ठिपके गेले. (जुनी जेपीजी नुसती पीएनजी करून उपयोग नाही, करडेपणा तसाच राहतो.) रंग सगळीकडे पसरला, तर रेषेत फट आहे: कंट्रोल-झेड दाबून भरलेला रंग मागे घ्या, झूम करा, फट बुजवा, मगच बादली ओता.