वर्षानुवर्षे उभी असलेली जुनी गाडी पुन्हा चालू करताना

बरीच वर्षं बंद पडून असलेली जुनी गाडी हाती आली, की नवी बॅटरी लावून लगेच सेल्फ मारून बघावासा वाटतो. तेवढं टाळा. गाडी उभी केली तेव्हा इंजिन धडधाकट असलं, तरी मधल्या काळात सिलिंडरमधलं तेल ओघळून गेलेलं असतं आणि पिस्टनच्या रिंगा गंजाने चिकटलेल्या असू शकतात. अशा अवस्थेत स्टार्टरने जोर लावला, तर रिंग तुटते किंवा सिलिंडरला ओरखडे पडतात. इतकी वर्षं थांबलेल्या गाडीला आणखी काही दिवस द्यायला हरकत नाही.

आधी नुसतं बघा. बॉनेट उघडून टॉर्चच्या उजेडात उंदरांनी कुरतडलेल्या वायरी शोधा. एअर क्लीनर आणि सायलेन्सरमध्ये घरटी सापडतात, तीही काढा. काहीही सोडवण्याआधी फोटो काढून ठेवा. बॅटरी ६ व्होल्टची की १२ व्होल्टची, हे गाडीच्या पुस्तकात पाहा. जुन्या ब्रिटिश गाड्यांपैकी अनेकींत बॉडीला पॉझिटिव्ह टोक जोडलेलं असतं. सवयीने उलटं जोडलं तर नुकसान होतं.

आता इंजिन हाताने फिरवायचं. माझ्या मते सगळ्या कामात महत्त्वाची पायरी हीच. प्लगच्या वायरींवर क्रमांक घालून सगळे प्लग काढा. प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि निदान दोन दिवस मुरू द्या. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टला गोटी पाना लावा आणि इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने हळूहळू ओढा. हललं नाही, तर पुन्हा तेल सोडा, पुन्हा थांबा. पान्याला लांब पाइप अडकवून जोर वाढवू नका. थोडं फिरून एका जागी टणकन अडलं, तर एखादा व्हॉल्व्ह चिकटलेला असू शकतो. वरचं कव्हर काढून बघा. क्रँकचे दोन पूर्ण फेरे अडथळ्याशिवाय झाले, की चारही स्ट्रोक तपासून झाले.

जुन्या पेट्रोलला वॉर्निशसारखा वास येतो आणि त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रांत, बसतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणीही शोषतं, त्यामुळे टाकी आतून गंजते. टाकी पूर्ण रिकामी करा, कार्ब्युरेटर उघडून जेट साफ करा आणि पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला. वरून चांगले दिसले तरी बदलाच. गळक्या पाइपाने गाडी पेटते. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ उरते, म्हणून तिच्याजवळ वेल्डिंग किंवा ठिणगी उडेल असं काहीही करू नका.

इंजिन ऑइल, फिल्टर आणि कूलंट नवे घाला. पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी कॉइलचा प्रवाह तोडणारे डिस्ट्रिब्युटरमधले संपर्क, बारीक पॉलिश पेपरने घासून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप लावा. प्लग बाहेर ठेवून, कॉइलची जोडणी काढून, थोडा थोडा वेळ सेल्फ मारा. ऑइलचा दिवा विझला किंवा काटा वर आला, म्हणजे बेअरिंगपर्यंत तेल पोचलं. त्यानंतरच प्लग बसवा.

इंजिन सुरू करायचं ते उघड्यावर, अग्निशामक हाताशी ठेवून. बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. सुरू झाल्यावर काही सेकंदांत ऑइलचा दाब दिसला नाही, तर लगेच बंद करा. सुरुवातीचा निळसर धूर आपणच ओतलेल्या तेलाचा असतो, थोड्या वेळात कमी होतो. पांढरा धूर थांबत नसेल आणि कूलंट घटत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) बघावं लागेल.

इंजिनाचा आवाज ऐकून फार आनंद होतो, आणि नेमक्या त्याच क्षणी लोक गिअर टाकतात. ब्रेकचं काम झाल्याशिवाय गाडी एक फूटही हलवू नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ३ (DOT 3) दर्जाचं ब्रेक ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही; पाणी मुरलं, की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. तेच पाणी व्हील सिलिंडर आतून गंजवतं. चारही चाकं काढा, सिलिंडरची रबरं आणि लवचीक ब्रेक पाइप बदला, नवं ऑइल भरून ब्रेकच्या पाइपांत अडकलेली हवा काढा. हे रबरी पाइप आतून फुगून बंद होतात आणि ब्रेक सोडला तरी चाक धरलेलंच राहतं, बाहेरून मात्र काही कळत नाही.

टायरवर डॉट (DOT) अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात: २३१५ म्हणजे २०१५ चा २३ वा आठवडा. तीनच आकडे असतील, तर टायर २००० सालाआधीचा आहे. दहा वर्षांहून जुना टायर नक्षी शाबूत असली तरी काढून टाका.

पहिली फेरी मोकळ्या, सपाट जागेत, अगदी सावकाश मारा. थांबल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन बघा. एखादं इतरांपेक्षा जास्त तापलं असेल, तर तिथला ब्रेक अजून सुटत नाही. ते चाक पुन्हा उघडा.