या चुका टाळा: तंदूर धूर मारतो तेव्हा दमट हवेला दोष देऊ नका

हिमाचलात घर गरम करायला पाइप लावलेली पत्र्याची शेगडी असते ना, तिला इकडे तंदूर म्हणतात, काश्मीरात बुखारी. मी नग्गरजवळ राहतो, आणि पुण्या-मुंबईहून येऊन इथे घर भाड्याने घेणाऱ्यांचा दर फेब्रुवारीत तोच फोन, "आज हवा दमट आहे म्हणून धूर आत येतोय का हो?"

नाही. दमट हवा कोरडीपेक्षा हलकी असते हे खरं, त्यामुळे ओढ, म्हणजे पाइपातून धूर वर खेचला जाण्याचा जोर, कमी होते हेही खरं, पण किती? २० अंशाला पूर्ण दमट हवा जेमतेम १ टक्का हलकी, आणि शून्याच्या आसपास तर पाव टक्का. पाइपातला २०० अंशाचा धूर बाहेरच्या थंड हवेपेक्षा ४० टक्के हलका असतो, सगळी ओढ तिथून येते. त्यात पाव टक्क्याने काय बिघडणार? होतं असं की ढग आले की बाहेरची थंडीही कमी होते, आतबाहेर फरक उरत नाही, पाइप गार पडलेला असतो, आणि लोकांना दिसतो फक्त पाऊस.

माझीही हीच समजूत होती. दुसऱ्या हिवाळ्यात दोन दिवस बाहेर राहून संध्याकाळी परत आलो, बाहेर पाऊस-बर्फ मिक्स, तंदूर बर्फासारखा गार, आणि मी छाटणीत निघालेली सफरचंदाची लाकडं कोंबून काडी लावली. दहा मिनिटांत खोलीभर धूर, बायको खोकून बेजार, तशा थंडीत सगळ्या खिडक्या उघड्या. दुसऱ्या दिवशी मी पाइप चार फूट उंच केला, कारण उंच पाइप म्हणजे जास्त ओढ असं कुठेतरी वाचलेलं. रात्री सांध्यातून काळं पाणी थेट गादीवर. शेजारचे चाचाजी आले, एक लाकूड फोडलं, फोडलेली बाजू माझ्या गालाला लावली आणि म्हणाले, "गीली है, बेटा." गार लागलं, ओलसर.

ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. आग आधी ते पाणी उकळत बसते, धूर गार होतो, ओढ मरते, आणि वाफ गार पाइपात डांबरासकट परत पाणी होते. माझ्या वाढवलेल्या पाइपात तर अजूनच गार झाली. अगदी सुकं लाकूडही किलोमागे साधारण अर्धा लिटर पाणी वाफ करून सोडतंच, म्हणून पाइप गरम राहणं महत्त्वाचं. दमट हवेचा खरा त्रास हा की उघड्यावर ठेवलेलं सुकं लाकूड परत ओल धरतं. माझी लाकडं आता वर्षभर आधी फोडून छपराखाली, बाजू मोकळ्या, आणि दोन दिवसांची आत तंदूरपासून हातभर लांब. लाकडातली ओल मोजायच्या मीटरवर २० टक्क्यांच्या खाली आलं तरच जाळतो.

पेटवण्याआधी पाइप गरम करा. मी वर्तमानपत्राचा बोळा पाइपाच्या तोंडाशी पेटवतो, धूर वर खेचला गेला की मगच कैलच्या (इकडचं एक पाइन) बारीक ढलप्या. पाच मिनिटं लागतात, आणि तेवढा धीर नसलेले लोक डिझेल ओततात, भडका उडतो, भुवया जातात. कृपया हे करू नका.

सांधा लावताना वरचा पाइप खालच्याच्या आत गेला पाहिजे, म्हणजे डांबर आतल्या आत उतरतं. आडवा पाइप जमेल तितका कमी. टोक छपराच्या आढ्याच्या वर.

रात्री लाकूड पुरावं म्हणून डँपर (पाइपातली धूर अडवायची झडप) पूर्ण बंद करणं आणि खिडक्यांच्या फटी टेपने बुजवणं, हे दोन्ही एकत्र कधीच नको. धूर दिसतो, डोळे झोंबतात, पण कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही, आणि बंद खोलीत यानेच माणसं झोपेत गेलीत. झोपताना मी खिडकी दोन बोटं उघडी ठेवतो आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशाशी, पाहुणे थंडी वाजते म्हणाले तर अजून एक रजाई देतो.