गुथुक: लोसारच्या तोंडावरची रात्र

लोसार म्हणजे तिबेटी नववर्ष. त्याआधी, तिबेटी बाराव्या महिन्याच्या २९ तारखेला रात्री गुथुक हे सूप शिजतं. ‘गु’ म्हणजे नऊ, म्हणून सुपात किमान नऊ जिन्नस हवेत.

कणीक घट्ट मळून अंगठ्याने दाबत शिंपल्यासारखे छोटे भात्सा वळा. मग माणशी एक मोठा गोळा करा. आत ज्याला मिळेल त्याचा स्वभाव सांगणारी वस्तू लपवा: मिरची (बडबड्या), लोकर (मायाळू) किंवा कोळसा (काळ्या मनाचा). कडा पाण्याने नीट चिकटवा. गोळा फुटला तर कोळशाने सूप काळं पडतं. गोळा खायचा नसतो, सर्वांसमोर फोडायचा. खरी गंमत तिथेच!

वाडग्यात थोडं उरवाच. ते कणकेच्या ‘लू’ बाहुल्यावर ओततात आणि पेटत्या चुडीसह बाहुलं चौकात सोडतात. सरत्या वर्षाची पीडा त्याच्यासोबत घराबाहेर जाते. परतताना मागे वळून पाहू नका.