ग्रीसला हिवाळ्यात जाताय? बेटांचा मोह आवरा

नोव्हेंबर ते मार्चमध्ये पाच दिवसांसाठी ग्रीसला जात असाल, तर सांतोरिनी बेटाचा हट्ट सोडा. तिथली बरीच हॉटेलं आणि खानावळी तेव्हा बंद असतात. शिवाय वारा जोरात सुटला की बोटी बंदरातच थांबवतात. परतीचं विमान हातात असताना बेटावर अडकून पडणं परवडत नाही.

त्यापेक्षा तीन रात्री अथेन्स, दोन रात्री नाफ्प्लिओ. अथेन्सहून बसने साधारण अडीच तास. हे टुमदार बंदर 1834 पर्यंत ग्रीसची राजधानी होतं. वर पालामिदीचा किल्ला आहे. पायऱ्या 999 म्हणतात, मी निम्म्यात मोजणं सोडलं! गड चढायची सवय असेल तर मजा येईल. गुडघे कुरकुरत असतील तर टॅक्सी थेट वरच्या दरवाजापाशी सोडते. मायसीनीचे प्राचीन अवशेष आणि एपिडॉरसचं प्राचीन नाट्यगृह इथून जवळच.

डिसेंबरात सव्वापाचच्या आसपास अंधार पडतो, पुरातन स्थळंही लवकर बंद होतात. म्हणून उघड्यावरचं सगळं सकाळी, संग्रहालयं दुपारनंतर. 25, 26 डिसेंबर आणि 1 जानेवारीला तीही बंद, तेव्हा हे दिवस नुसते भटकायला ठेवा. छत्रीपेक्षा पावसाळी जाकीट बरं. बूट मात्र चांगल्या पकडीचे घ्या. अ‍ॅक्रोपोलिस या अथेन्समधल्या टेकडीवरचा झिजलेला संगमरवर ओला झाला की शेवाळलेल्या घाटासारखा निसरडा होतो.

ग्रीससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो.