सोसायटीचा पंप : किती एचपीचा घ्यावा आणि बिघाड कुठे शोधावा

मुंबईसाठी भातसा धरणाचे पाणी पिसे येथे पंपाने उचलून पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रात आणले जाते. शहरात ते मलबार हिल, वेरावलीसारख्या टेकड्यांवरच्या जलाशयांतून उताराने येते आणि चावीवाल्याने व्हॉल्व्ह उघडला की ठरल्या वेळात आपल्याकडे पोचते. हा दाब जमिनीखालच्या टाकीपुरताच धरावा. तिथून गच्चीपर्यंत पाणी सोसायटीच्या पंपानेच चढवायचे असते.

पंप घेताना एचपीपासून सुरुवात करू नका. दहा मजले, 40 घरे, घरटी 5 माणसे, माणशी 135 लिटर म्हणजे दिवसाला 27,000 लिटर. ते 2 तासांत चढवायचे तर मिनिटाला 225 लिटर हवेत. मजल्यांची उंची 30 मीटर, खालच्या-वरच्या टाक्यांचे मिळून 7, पाइप आणि बेंडमधल्या घर्षणाचे 5 : एकूण 42 मीटर हेड, म्हणजे घर्षण धरून पंपाला पाणी जितके चढवायचे ती उंची. कार्यक्षमता 50 टक्के धरली तर साधारण 4 एचपी लागतात, म्हणून 5 एचपीची मोटर. दुकानात '42 मीटर हेडला 225 लिटर' असे सांगा आणि कंपनीच्या आलेखावर तो आकडा पाहूनच पैसे द्या. गरजेपेक्षा फार जास्त हेडचा सेंट्रिफ्यूगल पंप बसवला तर तो जादा पाणी फेकतो, मोटर जादा करंट ओढते आणि वाइंडिंग जळते. या हिशेबाला सक्शन पाइप (टाकीतून पाणी ओढणारा) 80 मिमी आणि डिलिव्हरी पाइप (पाणी वर नेणारा) 65 मिमी पुरतो.

पंप फिरतोय पण पाणी चढत नाही, अशा वेळी आधी सक्शन तपासा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. सक्शन पाइप पंपाकडे सतत चढता हवा, मध्ये उंचवटा असला की हवा अडकते. फूट व्हॉल्व्ह (सक्शन पाइपच्या खालच्या टोकाची, पाणी परत उतरू न देणारी झडप) टाकीच्या तळापासून 30 सेंमी वर ठेवा, नाहीतर गाळ ओढला जातो. प्रायमिंगचे, म्हणजे पंप सुरू करण्याआधी त्यात भरलेले पाणी रात्रभरात उतरले तर फूट व्हॉल्व्ह गळतोय. बहुधा त्यात खडा अडकलेला असतो. वायरिंगच्या कामानंतर अचानक पाणी कमी झाले तर पंप उलटा फिरत असेल. इलेक्ट्रिशियनकडून कोणत्याही दोन फेजची अदलाबदल करून घ्या. आत खडी फिरल्यासारखा आवाज आला तर जाळी तुंबली आहे किंवा टाकीतली पातळी उतरली आहे. पंप लगेच बंद करा.

ग्लँडमधून (शाफ्ट पंपाबाहेर येतो तिथल्या पॅकिंगच्या जागेतून) मिनिटाला 30 ते 60 थेंब पडलेच पाहिजेत. गळती समजून तो आवळला की पॅकिंग जळते आणि शाफ्टवर चरे पडतात. दोन पंप असतील तर ते दिवसाआड आलटून पालटून चालवा.

पालिकेच्या लाइनला थेट पंप लावणे बेकायदा आहे आणि धोक्याचेही. पाइपात उणा दाब तयार होतो, आणि जिथे सांधा सैल असेल तिथून गटाराचे पाणी आत खेचले जाते. ते शेजारच्या इमारतीतल्या लेकरांच्याही पोटात जाते.

पावसाळ्याआधी टाकीच्या झाकणाची कड आणि पंपाचे पॅनेल तुंबणाऱ्या पाण्याच्या रेषेच्या वर घ्या. तरीही टाकीत पुराचे पाणी शिरले तर पंप सुरू करू नका. टाकी उपसा, घासा आणि स्वच्छ पाण्याने भरून दर 10,000 लिटरला 33 टक्के क्लोरीनची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर दीड किलो या प्रमाणात कालवा. 12 तासांनी ते पाणी सोडून द्या, टाकी धुऊन काढा आणि मगच गच्चीवर पाणी चढवा.